जांबोरीची हकीकत : खरी किती, ऐकीव किती



जगांतील निरनिराळ्या देशांचे बालवीर कांहीं वर्षांच्या अंतरानें एके ठिकाणीं जमतात, दहा-बारा दिवस तंबूंत राहतात, आणि एकमेकांचीं गाणीं व खेळ शिकून आपापल्या घरीं परततात. या मेळाव्यास जांबोरी म्हणतात. पहिली जागतिक जांबोरी १९२० सालीं लंडन येथें भरली आणि पंचविसावी २०२३ सालीं दक्षिण कोरियांत भरली. एवढें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु आज मला जांबोरीचें वर्णन करावयाचें नाहीं. तिच्याविषयीं जी माहिती आपल्याकडे शाळाशाळांतून सांगितली जाते, ती पडताळून पाहतांना काय काय हातीं लागलें, तें सांगावयाचें आहे.

मी भिवंडीजवळच्या कोन या गांवीं राहतों. खाडीच्या पलीकडे कल्याण आणि दुर्गाडी, अलीकडे आमचें गांव. उभा जन्म मास्तरकींत गेला. गेल्या वर्षीं आसपासच्या एका शाळेच्या बालवीर पथकानें भिंतीवर लावण्यासाठीं जांबोरीच्या इतिहासाचा एक मोठा तक्ता करावयाचें ठरविलें. मजकूर एका तरुण शिक्षकानें जमविला होता. तो घेऊन ते मजकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, एकदां नजर घाला, म्हणजे रंगवावयास देतों." मजकूर तीन पानांचा होता. नजर घालावयास मला तीन महिने लागले.

इतके दिवस कां लागावेत, असें आपणांस वाटेल. आज पडद्यावर बोट फिरविलें कीं एका प्रश्नाचीं दहा उत्तरें मिळतात. पण दहा उत्तरें म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. पुष्कळदां एकानें लिहिलेलें नऊ जणांनीं उतरून घेतलेलें असतें. गणिताच्या परीक्षेंत एकाच बाकाच्या आजूबाजूच्या पांच मुलांचें उत्तर तंतोतंत सारखेंच चुकलें, तर शिक्षक त्या पांच उत्तरांस पांच मानीत नाहीं. एकच मानतो, आणि मूळ कोणाचें तें शोधूं लागतो. इतिहासांतहि हेंच करावें लागतें. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचें उदाहरण आपल्या परिचयाचें आहे. बखरींच्या आधारानें १६२७ हें साल कित्येक वर्षें पाठ्यपुस्तकांतून शिकविलें गेलें. पुढें लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली, तींत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली, आणि परमानंदाच्या शिवभारतानें तिला दुजोरा दिला. बखरी संख्येनें अधिक होत्या, परंतु घटनेपासून दूर होत्या. महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ सालीं मान्य केली. किती जण सांगतात यापेक्षां कोण जवळून सांगतो, हें पाहण्याची संवय आपणांस त्या वादानें लावली. ती बालवीरांच्या तक्त्यास लावूं नये असें थोडेंच आहे?

तक्त्याच्या पहिल्याच पानावर एक वाक्य होतें : "१९३७ सालीं जागतिक जांबोरी दिल्लीस भरली." हें वाक्य मीं पूर्वींहि दोन-तीन ठिकाणीं वाचलेलें आहे. तें उत्पन्न कसें झालें हें पाहण्यासारखें आहे. १९३७ च्या फेब्रुवारींत दिल्लीस खरोखरच एक मोठी जांबोरी भरली होती, आणि चळवळीचे संस्थापक लॉर्ड बेडन-पॉवेल तीस स्वतः उपस्थित होते. त्यांच्या वयास त्याच महिन्याच्या २२ तारखेस ८० वर्षें पूर्ण झालीं. पण ती होती अखिल भारतीय जांबोरी. जागतिक जांबोरी त्याच वर्षीं उन्हाळ्यांत हॉलंडमधील फोगेलेनझांग येथें भरली. तीहि बेडन-पॉवेल यांनीं पाहिली, आणि ती त्यांची शेवटची जांबोरी ठरली. वर्ष एक, संस्थापक तेच, नांवहि जांबोरीच. मग दोहोंची एक होण्यास कितीसा वेळ लागणार? भारतांत जागतिक जांबोरी आजवर एकदांहि भरलेली नाहीं. आशिया खंडांत ती प्रथम आली १९५९ सालीं, फिलिपाइन्समध्यें, मकिलिंग पर्वताच्या पायथ्याशीं. ती दहावी. हा फिलिपाइन्सचा उल्लेख आपण लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

दिल्लीच्या त्या मेळाव्याविषयीं तक्त्यावर आणखी एक ओळ असावी, असें मीं सुचविलें. त्या भेटीनंतर बेडन-पॉवेल यांनीं हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयीं जे उद्गार काढले, त्यांवरून देशांत संताप उसळला, आणि १९३८ सालीं हिंदुस्थान स्काउट असोसिएशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. आपल्याकडे या चळवळीचा आरंभच मुळीं दुजाभावानें झाला होता. १९०९ सालीं बंगलोरास पहिलें पथक निघालें, तें युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतें. हिंदी मुलांसाठीं श्रीराम बाजपेयी यांनीं शाहजहानपुरास, ॲनी बेझंट यांनीं मद्रासेस, पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनीं सेवा समितीच्या द्वारें वेगळी वाट काढली. निरनिराळे प्रवाह ७ नोव्हेंबर १९५० रोजीं एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. शिक्षकांस वाटलें कीं संस्थापकांविषयीं असें लिहिणें बरें दिसणार नाहीं. मीं म्हटलें, दोन्ही लिहा. ज्या गृहस्थानें मुलांस रानांत नेऊन स्वावलंबन शिकविलें, त्याच गृहस्थाचे हेहि उद्गार होते. मुलें आपण समजतों तितकीं लेंचीपेंचीं नसतात.

क्रमांकांचा घोळ निराळाच. १९२० पासून मोजीत आल्यास १९७५ ची नॉर्वेंतील जांबोरी चौदावी. पंधरावी १९७९ सालीं इराणांत निशापूर येथें व्हावयाची होती. निशापूर म्हणजे उमर खय्यामचें गांव. परंतु तेथें राज्यक्रांति झाली आणि जांबोरी रद्द करावी लागली. पुढील जांबोरी १९८३ सालीं कॅनडांत भरली. आतां कॅनडाची सोळावी म्हणावयाची कीं पंधरावी? जी भरलीच नाहीं तिचा क्रमांक मोडीत न काढतां तो कॅनडास देण्यांत आला. म्हणून कॅनडाची पंधरावी. तक्त्यावर इराणची पंधरावी, कॅनडाची सोळावी आणि तेथून पुढें प्रत्येक क्रमांक एकानें पुढें, असें झालें होतें. कोरियाची त्यामुळें सव्विसावी झाली होती. एक बटण चुकीच्या काजांत गेलें म्हणजे सदऱ्याचें होतें तसें.

पहिल्या जांबोरीचें चित्र मुलांनीं सुंदर काढलें होतें : मागें डोंगर, झाडी, मधून नदी, काठीं तंबू. चित्रकलेस गुण द्यावेत, इतिहासास देतां येत नाहींत. ती जांबोरी भरली लंडनच्या ऑलिंपिया नांवाच्या प्रदर्शनगृहांत, काचेच्या छपराखालीं. आंत माती आणून पसरली होती, म्हणजे तंबूंचे खुंटे ठोकतां यावेत. मात्र मुलांची नदी अगदींच खोटी नव्हे. जमलेल्या आठ हजारांतील सुमारें पांच हजार बालवीरांचा मुक्काम रिचमंड येथील ओल्ड डियर पार्कांत होता, आणि एका रात्रीं थेम्सचें पाणी पात्राबाहेर येऊन तो तळ हलवावा लागला. खाडीकांठच्या आम्हां लोकांस या प्रसंगाची कल्पना निराळी करावी लागत नाहीं. चित्रांत आतां एका बाजूस काचेचें छप्पर आहे आणि दुसऱ्या बाजूस पाण्यांत उभे राहिलेले तंबू. पूर्वींच्या चित्रापेक्षां तें मला अधिक आवडतें.

आंकड्यांविषयीं फार बोलून मी आपणांस कंटाळा आणीत नाहीं. एकच सांगतों. आंकडा चुकीचा आहे असें म्हणण्यापूर्वीं तो कशाचा आहे, हें विचारावें. या चळवळीचा उगम ज्या ब्राउनसी बेटावरील शिबिरांत झाला, तें १९०७ च्या ऑगस्टमधील. तेथें मुलें किती होतीं? कोणी वीस म्हणतो, कोणी एकवीस. पांच-पांचांच्या चार टोळ्या म्हणून वीस. आणि बेडन-पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्या डोनाल्ड हाताखालच्या कामास बरोबर होता, तो धरला कीं एकवीस. दोघेहि खरें बोलतात. एक टोळ्या मोजतो, दुसरा डोकीं मोजतो. १९२९ च्या ॲरो पार्क येथील जांबोरीचे आंकडे असेच तीस हजारांपासून तीन लाखांपर्यंत आढळतात. कारण कोणी छावणींत राहिलेले बालवीर मोजले, तर कोणी तिकीट काढून पाहावयास आलेले लोक. देशांच्या संख्येचेंहि तेंच. ब्रिटिश साम्राज्यांतले मुलूख एकत्र धरले तर संख्या लहान, वेगवेगळे धरले तर मोठी. त्या काळीं आपला देशहि याच हिशेबांत कधीं स्वतंत्र धरला जाई, कधीं साम्राज्याच्या पोटांत जाई.

आतां ज्यासाठीं मी हें व्याख्यान देण्याचें पत्करलें त्या दोन नोंदींकडे येतों.

पहिली नोंद १९४७ ची. महायुद्धानंतरची ही पहिली जांबोरी, क्रमानें सहावी. ती फ्रान्समध्यें, पॅरिसच्या वायव्येस सीन नदीच्या एका वळणांत, म्वासाँ या ठिकाणीं भरली. तिला शांतीची जांबोरी हें नांव दिलें होतें. बेडन-पॉवेल जाने. १९४१ मध्यें केनियांत वारले होते. त्यांच्यावांचून भरलेला हा पहिला मेळावा. सुमारें चोवीस हजार बालवीर जमले. छावणी इतकी विस्तीर्ण कीं आंत फिरण्यासाठीं अरुंद रुळांची आगगाडी घातली होती. युरोपांत तेव्हां अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळत होतें, आणि तेथें आलेल्या मुलांपैकीं कित्येकांचीं गांवें दोनच वर्षांपूर्वीं बाँबखालीं सांपडलेलीं होतीं.

जांबोरीचा आरंभ ९ ऑगस्टला झाला. छावणी चालू असतांनाच १५ ऑगस्ट उजाडला. म्हणजे हिंदुस्थानचें जें पथक एक देश म्हणून घरून निघालें, तें छावणींतल्या छावणींत दोन देशांचें झालें. त्या दिवशीं तेथें दोन ध्वज उभारले गेले. पाकिस्तानचा ध्वज पथकाजवळ नव्हता. तो तेथेंच शिवण्यांत आला. एका हिंदु बालवीरानें त्यासाठीं आपल्या फेट्याचें कापड दिलें आणि फ्रान्समधील वीरबालांनीं तो शिवला, अशी कथा सांगितली जाते. पाकिस्तानांतील बालवीर ही कथा अभिमानानें सांगतात.

तक्त्याच्या मजकुरांत ही कथा अर्धी होती. "१५ ऑगस्ट १९४७ रोजीं भारतीय पथकानें फ्रान्समध्यें तिरंगा फडकविला." पुढें पूर्णविराम. उरलेली अर्धी कथा शिक्षकांस ठाऊक होती. ती त्यांनीं मुद्दाम गाळली होती. ते मला म्हणाले, "गुरुजी, शाळेच्या भिंतीवर त्या झेंड्याचें नांव लावलें, तर उद्यां कोण काय म्हणेल सांगतां येत नाहीं. शिवाय ती फेट्याची गोष्ट खरी कशावरून?"

या बोलण्यांत दोन प्रश्न आहेत आणि ते दोन्ही वेगवेगळे ठेवले पाहिजेत. कथा खरी आहे कां, हा एक. ती सांगणें सोयीचें आहे कां, हा दुसरा. दुसऱ्याच्या भीतीनें पहिल्याचें उत्तर ठरविण्याचा मोह सर्वांनाच होतो. भिवंडीसारख्या गांवाच्या परिसरांत तो होणें तर फारच साहजिक आहे. तेथें दोन्ही समाज पिढ्यान् पिढ्या शेजारीं राहतात, एकाच मागावरचें सूत दोघांच्या हातांतून जातें, आणि १९७० व १९८४ च्या दंगलींच्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या मनांतून गेलेल्या नाहींत. मला त्या शिक्षकांचा राग आला नाहीं. पण पहिला प्रश्न आधीं सोडवूं, असें मीं म्हटलें.

फेट्याच्या कथेवर कांहीं विचार करतां येतो. पाकिस्तानच्या घटना समितीनें कराचींत आपला ध्वज मान्य केला तो ११ ऑगस्ट १९४७ रोजीं. जांबोरी सुरू झाली होती ९ ऑगस्टला. म्हणजे आरंभास हजर असलेलें पथक जेव्हां घरून निघालें, तेव्हां तो ध्वज अस्तित्वांतच आलेला नव्हता. मुस्लिम लीगचा हिरवा झेंडा कोणापाशीं असता तरी त्यानें काम भागलें नसतें; कारण नव्या ध्वजांत अल्पसंख्यांकांची खूण म्हणून काठीच्या बाजूस पांढरा पट्टा आहे, तो लीगच्या झेंड्यांत नाहीं. तेव्हां तो ध्वज उभारावयाचा तर छावणींतच शिवला गेला पाहिजे, हें केवळ तारखांवरूनच ठरतें. आपल्या तिरंग्याचीहि गोष्ट फार दूरची नाहीं. चरख्याच्या जागीं अशोकचक्र घेऊन आपल्या घटना समितीनें त्यास मान्यता दिली ती २२ जुलैला. आरंभापूर्वीं अवघे अठरा दिवस. शिवण्याचा प्रसंग तर असा सिद्ध होतो. कापड कोणाच्या डोक्यावरचें होतें, ही गोष्ट परंपरेची. ती परंपरा म्हणूनच लिहावी, "असें सांगतात" हे दोन शब्द जोडून. या दोन शब्दांनीं कथेचें कांहीं उणें होत नाहीं.

तारखेचाहि एक पेंच होता. कोणी हा प्रसंग १४ ऑगस्टचा सांगतो, कोणी १५ चा. पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन आज १४ ऑगस्टला पाळला जातो. म्हणून सांगणारा सहजच १४ म्हणतो. परंतु भारतीय स्वातंत्र्याच्या ज्या कायद्यान्वयें हीं दोन राज्यें निर्माण झालीं, त्यांत दोहोंसाठीं एकच दिवस आहे, १५ ऑगस्ट १९४७. पाकिस्ताननें १९४८ सालीं आपल्या स्वातंत्र्याचीं जीं पहिलीं टपाल तिकिटें काढलीं, त्यांवरहि १५ ऑगस्ट १९४७ असेंच छापलेलें आहे. पुढील प्रथा मागील प्रसंगास चिकटली, एवढाच याचा अर्थ. दोन ध्वजांचा दिवस एकच होता, आणि छावणींतल्या मुलांना तो एकत्रच पाहावा लागला.

राहिला सोयीचा प्रश्न. मीं शिक्षकांस विचारलें, "तिरंग्याचें वाक्य खरें आहे, पण तेवढेंच लिहिल्यानें वाचणाऱ्या मुलाची समजूत खरी होईल कां?" त्या पथकांत पुढें ज्यांचीं घरें सीमेच्या दुसऱ्या बाजूस गेलीं, अशीं मुलें होतीं. परत जातांना आपलें घर कोठें असेल, रेल्वे चालूं असेल कीं नाहीं, घरचीं माणसें तरी असतील कीं नाहीं, याचा विचार त्या ऑगस्टमध्यें पंजाबांतल्या कोणत्याहि मुलाच्या मनांत आल्यावांचून राहिला नसेल. इकडे पंजाब जळत असतां तिकडे फ्रान्समध्यें तींच मुलें एकाच मैदानांत दोन काठ्यांपुढें उभीं राहिलीं. यांतील एक काठी उपटून टाकली तर उरतें तें खोटें नाहीं, पण तें निराळेंच चित्र आहे. माझें म्हणणें त्यांना लगेच पटलें असें नाहीं. दोन आठवडे ते आले नाहींत. मग आले, आणि दोन्ही ध्वजांचें वाक्य त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहिलें. मुख्याध्यापकांनीं तें वाचून कांहीं न बोलतां सही केली. त्यांच्या मनांत काय होतें तें मीं विचारलें नाहीं.

दुसरी नोंद १९६३ ची. आणि ती आमच्या दारांतली असून आम्हांस परकी झालेली आहे. तक्त्यावर ती अशी होती : "१९६३, ग्रीस. जांबोरीस जाणारे जपानी बालवीर मुंबईच्या विमानतळावर विमान कोसळून मृत्यु पावले." एवढ्या एका ओळींत दोन चुका होत्या, आणि जागा पुरत नाहीं म्हणून ती ओळहि काढून टाकावयाचें घाटत होतें.

घडलें तें असें. अकरावी जागतिक जांबोरी १९६३ च्या ऑगस्टमध्यें ग्रीसमधील मॅरेथॉन येथें भरावयाची होती. ज्या रणभूमीवरून लांब पल्ल्याच्या शर्यतीस नांव पडलें तेंच हें मॅरेथॉन. फिलिपाइन्सचें पथक त्यासाठीं निघालें. चार वर्षांपूर्वीं याच देशानें जगांतल्या बालवीरांस आपल्या घरीं बोलावलें होतें. आतां परत भेट देण्याची त्यांची पाळी होती. ज्या विमानांतून तें पथक येत होतें, तें युनायटेड अरब एअरलाइन्स या ईजिप्तच्या कंपनीचें कॉमेट जातीचें विमान. त्याचा मार्ग तोकियो, हाँगकाँग, बँकॉक, मुंबई आणि तेथून कैरो. निघालेलें तोकियोहून, म्हणून बालवीर जपानी. अशी आमच्या तक्त्यांतली चूक जन्मास आली. २८ जुलै १९६३ च्या रात्रींच्या अंधारांत, जोराच्या पावसांत व वादळी हवेंत, सांताक्रूझच्या विमानतळाकडे उतरत असतांना तें विमान ताब्यांतून गेलें आणि मढच्या पश्चिमेस अरबी समुद्रांत पडलें. विमानतळ त्याला गांठतांच आला नाहीं. आंतील ६३ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. त्यांत फिलिपाइन्सचें बालवीर पथक होतें.

या पथकाची संख्या मला कोठें २२ आढळली, कोठें २६. फिलिपाइन्समध्यें जी संख्या धरली जाते ती २४. मीं तीच घेतली, कारण ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं त्यांच्याइतकी काळजीपूर्वक मोजणी दुसरा कोणी करीत नाहीं. या चोवीसांत मुलें होतीं तसे त्यांच्याबरोबर निघालेले वडीलधारे नायकहि होते. म्हणून "चोवीस मुलें" न म्हणतां "चोवीस जणांचें पथक" असें म्हणावें. येथें एक-दोघांच्या फरकास काय महत्त्व, असें शिक्षकांनीं विचारलें. ब्राउनसीच्या वीस-एकवीसांत तसें फारसें महत्त्व नाहीं, हें मला मान्य आहे. पण बावीस लिहिलें तर दोन घरें वगळलीं जातात, आणि सव्वीस लिहिलें तर दोन प्रेतें आपण मनानें निर्माण करतों. हजेरीपटांत नांव असलेला मुलगा मोजणींतून सुटला, तर शिक्षक सहल पुढें नेत नाहीं. हजेरी पुन्हां घेतो.

जुलैच्या अखेरचा अरबी समुद्र कसा असतो हें मुंबई-ठाण्याच्या श्रोत्यांस सांगावयास नको. नारळी पौर्णिमा अजून व्हावयाची असते. मढ, मालाड, वेसावें येथील कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. ज्या दिवसांत आपले दर्यावर्दीहि समुद्रास पाठ लावून बसतात, त्या दिवसांतली ही रात्र. मनिलाहून आलेल्या त्या मुलांनीं मुंबई पाहिली नाहीं. मुंबईनेंहि त्यांस पाहिलें नाहीं. इकडे मॅरेथॉनची जांबोरी ठरल्याप्रमाणें ऑगस्टच्या आरंभीं सुरू झाली. फिलिपाइन्सच्या त्या पथकाची जागा रिकामी राहिली.

ही नोंद आपल्याकडच्या कोणत्याहि शालेय पुस्तकांत मला दिसली नाहीं, याचें कारण समजण्यासारखें आहे. मेलेले आपले नव्हते, विमान आपलें नव्हतें, जात होते तो देश आपला नव्हता. समुद्र तेवढा आपला होता. आणि म्हणूनच ती ओळ काढूं नये, उलट वाढवावी, असा माझा आग्रह होता. पथकांतल्या मुलांस मीं ही हकीकत सांगितली तेव्हां एकानें विचारलें, "मग ते पोंचले असते तर आपल्या विमानतळावर किती वेळ थांबले असते?" मीं म्हटलें, तासभर. तो म्हणाला, "म्हणजे त्यांनीं येथें चहा घेतला असता." मुलांना संख्या कळण्याची ही रीत असते.

फिलिपाइन्समध्यें मात्र ते विसरले गेले नाहींत. राजधानीला लागून असलेल्या केसोन शहरांत एका मोठ्या वर्तुळाकार चौकांत त्यांचें स्मारक आहे. त्या चौकाच्या भोंवतालच्या वस्तींत रस्त्यांस त्या पथकांतील एकेकाचें आडनांव दिलेलें आहे, आणि प्रत्येक आडनांवापूर्वीं "स्काउट" हा शब्द आहे. आज त्या रस्त्यांवर खाणावळी आहेत, दुकानें आहेत, रहदारीची कोंडी आहे. गाडीवाल्यास कोठें जावयाचें तें सांगतांना तेथील लोक दिवसांतून शेंकडों वेळां त्यांचीं नांवें घेतात, आणि घेणाऱ्यांपैकीं बहुतेकांस तीं नांवें मुंबईजवळच्या समुद्रांतून तेथें परत गेलेलीं आहेत, हें ठाऊक नसतें.